नावं भरायला मशीन घेताय? आधी फ्रेम बघा

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला: बारशाची दुपटी, टॉवेल, रुमाल यांवर नावं आणि लहानसहान फुलं भरून घरून ऑर्डरी घ्यायच्या आहेत. दुकानदार शिलाई आणि एम्ब्रॉयडरी दोन्ही करणारं, १०० × १०० मिमी फ्रेमचं (फ्रेम म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट) मशीन दाखवतोय आणि 'आतच ढीगभर डिझाइन्स आहेत' म्हणून गळ घालतोय. साधं शिलाई मशीन तुमच्याकडे आहेच.

हे मशीन नका घेऊ. नावं मराठीत भरायची असतील तर नकोच.

'A' नि 'S' अशी दोन अक्षरं गुंफून रुमालाच्या कोपऱ्यात टाकायची तर १०० मिमी भरपूर झाले. पण 'ज्ञानेश्वरी' लिहून बघा. वर मात्रा आणि वेलांटी, खाली ज्ञ नि श्व यांची गुंतागुंत, आणि हे सगळं दहा सेंटिमीटरच्या रुंदीत बसवायचं म्हणजे अक्षर बारीक करावं लागतं. बारीक केलं की नावात रफार असेल तर त्याची गाठ दिसते, अनुस्वार असेल तर त्याचा गोळा होतो आणि ज्ञ नि श यातला फरक ग्राहकाला समजावून सांगावा लागतो. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत किमान १२ मिमी हवेत, हा माझा नियम. तेवढं धरलं की लांब नावाला १३० × १८० मिमीची फ्रेमच लागते.

यावर दुकानदार म्हणेल, 'लांब फ्रेम वेगळी मिळते, ती लावा.' मिळते, पण फ्रेम लांब झाली म्हणून मशीनची मर्यादा वाढत नाही. ते एका वेळी तेवढंच भरतं, मग फ्रेम सरकवून पुढचा तुकडा जुळवायचा. फुलांच्या वेलीत असा जोड लपून जातो, पण शिरोरेषेत अर्धा मिलिमीटरही लपत नाही.

दोन्ही कामं करणाऱ्या मशीनबद्दल एवढंच सांगते की, नाव भरून होईपर्यंत त्यावर शिवता येत नाही. तुमच्याकडे शिलाईचं आहे, तेव्हा फक्त एम्ब्रॉयडरीचं घ्या आणि वाचलेले पैसे मोठ्या फ्रेममध्ये घाला.

आता 'आतली डिझाइन्स'. बहुतेक घरगुती मशिनांतली अक्षरं रोमन असतात. देवनागरी नाव संगणकावर तयार करून पेन ड्राइव्हने मशीनमध्ये न्यावं लागतं. ब्रदर कंपनीच्या मशीनला पीईएस फाइल लागते, जनोमला (आपल्याकडे उषा जनोम) जेईएफ. यासाठी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आणि त्यात बसणारं इंक-स्टिच वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि इंक-स्टिच दोन्ही प्रकारच्या फाइली देतं. विकतच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते, म्हणून पैसे भरण्याआधी 'क्षितिज' टाइप करून बघायचं. इंकस्केपमध्ये ही कटकट नाही.

फॉन्ट सगळीकडे सारख्या जाडीचा घ्या. बाळाच्या नावाला 'बालू' छान दिसतो, जाड आणि गोलसर. बोरूने लिहिल्यासारखे जाड-बारीक फॉन्ट पडद्यावर देखणे दिसतात, पण रेघ १ मिमीपेक्षा बारीक झाली की सॅटिन टाका (रेघ भरून काढणारे खेटून घातलेले आडवे टाके) नीट बसत नाही. आणखी एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो आणि शेजारचे तुकडे थोडे एकमेकांवर चढलेले असतात. तसंच मशीनला दिलं तर त्या जागी दुहेरी भरलं जातं, उंचवटा येतो, कधी सुईही तुटते. मी शिरोरेषेचे तुकडे काढून टाकते, अक्षरं आधी भरून घेते आणि वरून एकच सलग रेघ शेवटी भरते. हाताने लिहितानाही आपण रेघ शेवटीच ओढतो की! कान्यांची वरची टोकं तिच्याखाली झाकली जातात. फक्त ती रेघ हवी त्यापेक्षा पाव मिलिमीटर जाड ठेवा, कारण टाके कापड आत ओढतात आणि रेघ बारीक होते.

मशीनच्या किमतीत न दिसणारा खर्च म्हणजे कापडामागे लावायचा बॅकिंग पेपर. सुती दुपट्याला फाडून काढता येणारा चालतो. होजिअरीच्या झबल्याला कापून काढायचा, म्हणजे मागे कायम राहणाराच हवा, नाहीतर पहिल्या धुण्यात नाव आक्रसतं. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवा, नाहीतर अक्षरं लवेत बुडतात. आणि जाड टॉवेल फ्रेममध्ये कोंबू नका. फ्रेममध्ये नुसता पेपर ताणा, टॉवेल त्यावर ठेवून कडेने कच्चा टाका मारा.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. मिनिटाला ४०० टाक्यांच्या मशीनवर ८,००० टाक्यांना वीस मिनिटं लागतात, वर धागा बदलायचा वेळ. एका सुईच्या मशीनवर प्रत्येक रंगाला तुम्हालाच उठावं लागणार, म्हणून सुरुवातीला एकरंगी नावंच घ्या. वीज जात असेल तर मात्र अर्धवट डिझाइन जिथे थांबलं तिथूनच सुरू करता येतं का, हे करून दाखवायला सांगा.

अमेरिकेतून नणंद मशीन आणते म्हणाली असेल तर गोड बोलून टाळा. तिकडचं मशीन साधारणपणे १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर लावून ते चालेलही, पण वॉरंटी इथे कुणी मानेलच असं नाही. तुमच्या गावात किंवा तासाभराच्या अंतरावर मेकॅनिक कुठल्या कंपनीचा आहे, ते आधी फोन करून विचारा. दोन मशिनांत मन अडकलं असेल तर माझा कौल मेकॅनिकवाल्या कंपनीला.

दुकानात जाताना स्वतःचं दुपटं, स्वतःचा टॉवेल आणि पेन ड्राइव्हवर एक अवघड नाव घेऊन जा. डेमोसाठी ठेवलेल्या कडक फेल्टवर काहीही सुंदरच भरलं जातं. दुपटी मलमलची आहेत की होजिअरीची, तेवढं इथे लिहा, म्हणजे सुई आणि पेपर कुठला घ्यायचा ते सांगते.