मुलांच्या अंगावरच्या गाठी : पालक विचारतात

मुलगा सात वर्षांचा. पोटरीत लिंबाएवढी गाठ आलीय, दुखत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, चरबीची आहे, अर्ध्या तासात काढून देतो. काढू का? (खानापूर)

थांबा. मुलांमधल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गाठ वाढतेय, कडक लागते, खोल रुतलीय किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी आहे, यातलं एक जरी असलं तरी आधी सोनोग्राफी, मग एमआरआय, मग सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. सुरी सगळ्यांत शेवटी. क्रम उलटला की पंचाईत होते. गाठ ‘काढली’ म्हणतात, पण कडेला पेशी उरतात. त्यात पोटरीवर आडवा छेद घेतलेला असला, तर पुढच्या सर्जनला तो सगळा पट्टा पुन्हा कापावा लागतो. छेद हवा पायाच्या लांबीत, उभा. काही ठिकाणी तर काढलेली गाठ तपासायलाच पाठवत नाहीत. याला मी सरळ हलगर्जीपणा म्हणेन. आणि तोवर चोळणं, डाग देणं बंद.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का? (निपाणी)

नाही. फक्त सुई कुठून घालायची, हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवावं. तुकडा तपासल्याशिवाय आजाराचं नाव कळत नाही आणि औषध नावावरच ठरतं. मुलांत जास्त आढळणाऱ्या रॅब्डोमायोसार्कोमाला, म्हणजे स्नायूसारख्या पेशींच्या सार्कोमाला, केमो लागतेच. तान्ह्या बाळांच्या फायब्रोसार्कोमा या दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा एनटीआरके जनुकाचा बिघाड सापडतो. त्यावर नेमकं काम करणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध अमेरिकेत 2018मध्ये मंजूर झालं.

दोन महिन्यांच्या नातीच्या गालावर लाल, मऊ फुगवटा वाढतोय. (चिकोडी)

वर्णनावरून रक्तवाहिन्यांची गाठ वाटते. ती पहिले काही महिने झपाट्याने वाढते, मग हळूहळू ओसरते. डोळ्याजवळ, ओठावर असली किंवा चिघळली तर वाट पाहू नका. प्रोप्रॅनोलॉल हे औषध चांगलं लागू पडतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मात्र एकदा दाखवून घ्याच.

सार्कोमा निघाला. बेळगावातच उपचार घ्यावेत की मुंबई गाठावी? (बेळगाव)

मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ, सर्जन आणि रेडिएशन एकत्र असतील तिथे आधी आराखडा ठरवून घ्या : बेंगळुरूचं किदवई किंवा मुंबईत परळचं टाटा, ही कॅन्सर रुग्णालयं. पुढच्या काही केमो त्यांच्या सल्ल्याने घराजवळ घेता येतात का, ते तिथेच विचारा. नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. लॅबमधून मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो), स्लाइड्स आणि एमआरआयची सीडी मागून घ्या. आयुष्मान कार्डावर खासगी रुग्णालयात जायचं असेल, तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं का, ते निघण्यापूर्वीच विचारा.