कृत्रिम स्वीटनर साखरेपेक्षा आरोग्याला चांगले असतात का?

साखर पूर्णपणे बंद करून तिच्या जागी कृत्रिम स्वीटनर वापरणे आरोग्याला अधिक हितकारक ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दातांसाठी आणि रक्तातील साखरेसाठी ते साखरेपेक्षा निश्चितच बरे आहेत; वजन उतरवण्यासाठी मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

साखरेच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात. अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम स्वीटनरमधूनही तेवढ्याच मिळतात, परंतु ते सुमारे २०० पट गोड असल्यामुळे १० ग्रॅम साखरेचे काम ५० मिलिग्रॅममध्ये भागते. स्वीटनरच्या पुडीतील बरीचशी पूड मात्र डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची असू शकते आणि ही दोन्ही कर्बोदकेच आहेत. एखाद्या पुडीने काही बिघडत नाही, पण दिवसभर पुड्या फोडणाऱ्याने वेष्टनावरील घटकांची यादी जरूर वाचावी.

वजनाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये, वजन नियंत्रणाचा उपाय म्हणून स्वीटनर वापरू नयेत, अशी शिफारस केली. अल्प मुदतीच्या चाचण्यांत वजन थोडे कमी झालेले दिसते. दीर्घकालीन निरीक्षणांत मात्र स्वीटनर घेणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात. येथे घाईने निष्कर्ष काढू नये, कारण ज्यांचे वजन आधीच वाढलेले आहे असेच लोक स्वीटनरकडे अधिक वळतात आणि त्यामुळे कारण कोणते व परिणाम कोणता हे वेगळे करणे कठीण जाते. ही शिफारस सशर्त आहे, आणि ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. बातम्यांमध्ये हा भाग बहुधा गळून पडतो, याचे मला वाईट वाटते.

कर्करोगाची भीतीही प्रमाणात ठेवावी. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमचा समावेश आपल्या वर्गीकरणातील ‘२ बी’ गटात केला, म्हणजे ते ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरले. पण त्यामागचा पुरावा मर्यादित आहे. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती २.४ ग्रॅम होते आणि सामान्य वापरात तेवढे क्वचितच पोटात जाते. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळलेच पाहिजे.

म्हणून दिवसातून अनेकदा गोड पेये पिणाऱ्याने काही काळ स्वीटनरचा आधार घ्यावा आणि गोडी हळूहळू कमी करत न्यावी, असे मी सुचवेन. जो चहात एकच चमचा साखर घेतो, त्याने अर्ध्या चमच्यावर येणे अधिक सोपे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: साखर एकाएकी खाली जाऊन घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर त्या क्षणी स्वीटनर घातलेल्या पेयाचा काहीही उपयोग होत नाही, तेव्हा ग्लुकोज किंवा खरी साखरच घ्यावी लागते.