तक्रार केली तर मुलीचं नाव आणखी खराब होईल का?

प्रश्न : आम्ही करवीर तालुक्यातले. मुलगी सोळा वर्षांची, कोल्हापुरात अकरावीला आहे. कॉलेजातल्या एका मुलाने तिच्या गॅदरिंगच्या फोटोतला चेहरा उघड्या शरीराला जोडून खोट्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकला. तो गावातल्या ग्रुपवरही फिरला. मुलगी घराबाहेर पडत नाही, नीट जेवत नाही. भावकी म्हणते, पोलिसांत गेलात तर उरलीसुरली अब्रू जाईल. यंदाच तिचं लग्न उरकून टाका. काय करू?

उत्तर : ताई, आधी लग्नाचा विषय बंद करा. अठरा पूर्ण होण्याआधी लग्न लावणं 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. लावून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण मला शिक्षेपेक्षा दुसरंच टोचतं. ज्याने हे केलं तो रोज कॉलेजात जाणार आणि तुमची लेक शिक्षण सोडून सासरी जाणार. म्हणजे गावाने तिलाच दोषी ठरवलं, आणि त्यावर शिक्का आपण घरच्यांनी मारला, असंच तिला वाटेल.

आता अब्रूचं. तुमची मुलगी अठराच्या आतली आहे, म्हणून हे प्रकरण पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात बसतं. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 ब लागतं. त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पोक्सोमध्ये तिचं नाव, पत्ता, शाळा-कॉलेज, फोटो यातलं काहीही छापता वा दाखवता येत नाही. जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, आणि त्या गणवेशात नसतात. सुनावणी बंद दालनात होते. कलम 33 तर स्पष्ट सांगतं की मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी उलटतपासणी न्यायालयाने होऊ द्यायची नाही. पारावर जे राजरोस चाललंय, ते न्यायालयात चालत नाही.

‘आपापसात मिटवू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की अशा गुन्ह्याची माहिती असून न कळवणं हाही पोक्सोत गुन्हा आहे. प्राचार्यांना कळलं असेल तर तेही सुटत नाहीत. आणि त्या पोराचं आयुष्य बरबाद होईल, ही काळजी कुणी दाखवली तर, तो अठराच्या आतला असल्यास त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथे सुधारण्याची संधी असते. तुमच्या मुलीला अशी संधी कोण देतंय?

पुरावा जपा. खात्याची लिंक, नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मगच खातं बंद करण्यासाठी इन्स्टाग्रामकडे तक्रार करा. ‘हे बघा काय केलंय’ म्हणून तो फोटो नातेवाइकांना मात्र मुळीच पाठवू नका. पुढे पाठवणाराही 67 ब मध्ये अडकतो. गावच्या ग्रुपवर हे एकदा कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

तक्रार जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तरीही नोंदवली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना द्या. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लग्नासाठी दबाव वाढला तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मुलीचा फोन काढून घेऊ नका, आणि ‘तू फोटो टाकलासच कशाला’ हा प्रश्न घरात कुणी विचारू नये. गॅदरिंगला फोटो काढून घेणं हा तिचा गुन्हा नव्हे. ती फारच गप्प राहत असेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल तर थांबू नका; 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं. तक्रारीचा कागद तिला वाचायला द्या, तिला खटकतील ते शब्द बदला. जाताना तिचा जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बरोबर ठेवा. वय सिद्ध करायला तेच लागतं.