एम.टेक.च्या प्रबंधाला फर्नेस ऑइलचा विषय घ्यावा का?

आपण केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करीत असून, फर्नेस ऑइलच्या (भट्ट्या, बॉयलर व जहाजांत जाळल्या जाणाऱ्या जड तेलाच्या) थेंबाचे उष्णतेने होणारे बाष्पीभवन व विघटन यांचे गणिती प्रारूप मांडण्याचा विषय मार्गदर्शकांनी सुचवला आहे. बंद पडत चाललेल्या इंधनावर वर्ष घालवणे वडिलांना मात्र पटत नाही, असे आपण लिहिता.

वडिलांची शंका रास्त आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली, आणि फर्नेस ऑइलमध्ये गंधक सहसा बरेच असते. तरीही विषय घ्यावा, असे माझे मत आहे.

शुद्ध हेप्टेनचा (एकाच घटकाच्या हलक्या इंधनाचा) थेंब तापला की त्याच्या व्यासाचा वर्ग वेळेबरोबर जवळजवळ सरळ रेषेत घटतो. फर्नेस ऑइल हा नियम पाळत नाही. हलके घटक आधी उडतात, पृष्ठभाग घट्ट होतो, आत कोंडलेली वाफ थेंबाला फुगवते, प्रसंगी फोडते. पुढे साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास मोठे रेणू तुटू लागतात आणि ॲस्फाल्टीनसारख्या जड घटकांपासून कोकची (मुख्यतः कार्बनची) पोकळ, सच्छिद्र गोळी उरते. ती पुरती जळली नाही, तर बॉयलरच्या धुरांड्यातून बाहेर पडते.

खरी मेख विघटनाच्या वेगात आहे. त्याचे स्थिरांक बहुधा मिनिटाला दहा-वीस अंशांनी तापवलेल्या नमुन्यावरून काढतात. भट्टीतला बारीक थेंब मात्र सेकंदाला हजारो अंशांच्या दराने तापतो. (प्रबंधांत यावर सहसा अवाक्षर नसते.) म्हणून प्रारूप कोणत्या प्रयोगाशी ताडून पाहायचे, हे मार्गदर्शकांना आधी विचारा. तारेवर टांगलेल्या थेंबाचे चित्रीकरण होणार असेल, तर उत्तम. तशी सोयही नसेल आणि तुलनेसाठी प्रकाशित मोजमापेही हाताशी नसतील, तर विषय नाकारावा.

नोकरीचे म्हणाल, तर मुंबईतील माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्यांतील कॅटॅलिटिक क्रॅकिंग युनिटमध्ये जड तेलाचे फवारलेले थेंब तप्त उत्प्रेरकावर असेच उडतात व तुटतात. जुन्या टायरांपासून काढलेल्या तेलाच्या ज्वलनातही पुष्कळसे हेच गणित लागते. निव्वळ ज्वलनाच्या प्रारूपांवरचे काम मात्र बहुधा संशोधन संस्थांतच, तेही पीएच.डी.नंतर मिळते, हे वडिलांना स्पष्ट सांगावे.

होकार दिलात, तर पहिल्या सत्रात ओपनफोम (प्रवाह व ज्वलनाच्या गणिताचे तयार सॉफ्टवेअर) उघडू नका. एकाच थेंबाचे प्रारूप पायथनमध्ये स्वतः लिहा, ते हेप्टेनवर पडताळा आणि मगच त्यात विघटनाची समीकरणे घाला.