पाऊस पडल्यावर मातीला वास का येतो?

हा वास पाण्याचा नाही, मातीतल्या जिवाणूंचा. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन हे रसायन तयार करतात. आपलं नाक त्याबाबतीत कमालीचं तीक्ष्ण आहे: हवेच्या एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे मोजके भाग असले तरी कळतं. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलंही मातीत मुरतात, तीही या वासात असतात.

पण हे सगळं नाकापर्यंत पोहोचतं कसं? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं. थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषार उडवतात. धो धो पावसात हे कमी घडतं, म्हणून रिमझिम सरीत वास जास्त जाणवतो.

मला सगळ्यात आवडलेला भाग २०२० च्या एका अभ्यासातला. जिवाणू हा वास सोडतातच कशाला? त्या वासाने स्प्रिंगटेल हे मातीतले इवलेसे सहापायी जीव ओढले जातात. ते जिवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले, विष्ठेतून बाहेर पडलेले बीजाणू (ज्यांतून नवे जिवाणू वाढतात ते सूक्ष्म कण) दूरवर पसरवतात. जिओस्मिन तयार करणारी जनुकं बीजाणू बनण्याच्या वेळीच जागी होतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं.