विभागीयला निघालीस, आता बॅगेचं बघू

प्रिय पोरी,

विभागीय व्हॉलीबॉल स्पर्धेच्या टीममध्ये तुझं नाव लागलं हे सरांकडून कळलं आणि खूप म्हणजे खूप बरं वाटलं, त्याबद्दल भेटल्यावर बोलूच, पण आत्ता लिहायला बसले ते बॅगेसाठी. परवा फोनवर म्हणालीस ना की बॅग आई भरून देणारे. तसं नको करूस. आईला डबा करू दे, लाडू बांधू दे, पण बॅग तू स्वतःच्या हातानं भर. दोन सेटच्या मध्ये फक्त ३ मिनिटं मिळतात आणि टाइमआउट ३० सेकंदांचा असतो, तेवढ्यात पाणी पण प्यायचंय, हात पण पुसायचेत आणि सर काय सांगतायत ते नीट ऐकायचंय. सर सांगतायत रिसीव्हला, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलताना, अर्धं पाऊल मागे थांब आणि तू खाली वाकून नॅपकिन शोधतेस, तर पुढचा पॉइंट तिथंच गेला समज. आपण ठेवलेली वस्तू न बघता हाताला लागते, दुसऱ्यानं ठेवलेली लागत नाही.

आणि तू लिबेरो आहेस, त्यामुळे तुझी बॅग स्मॅशरच्या बॅगेसारखी नसणार. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो आला तो मुळी मागच्या कोर्टासाठीच, सर्व्हिस नाही, ब्लॉक नाही, सगळं काम खालचं आणि पडून उठायचं. मग सगळ्यात पहिलं जर्सी. तुझ्या जर्सीचा रंग टीमपेक्षा वेगळाच लागतो, म्हणजे ती विसरलीस तर बाकी कुणाची मागून घालता येणार नाही, म्हणून ती सगळ्यात आधी बॅगेत आणि शक्य असेल तर त्याच रंगाचा एक साधा टीशर्ट पण ठेव, मागे-पुढे नंबर टाकून. नियमात नंबर छातीवर किमान १५ सेंटीमीटर आणि पाठीवर किमान २० सेंटीमीटर उंच असावा असं आहे, तेव्हा घाईघाईत स्केचपेननं बारीक आकडा काढू नकोस, दुकानातून नीट प्रिंट करून घे. टीमची नेहमीची जर्सी पण बरोबर असू दे.

आता नी पॅड. गुडघ्याच्या वाटीवर बरोबर बसणारे, आत जाड फोम असलेले घे. मेडिकलमध्ये जी पातळ नी कॅप मिळते ती आधारासाठी असते, डाइव्ह मारल्यावर ती काही वाचवत नाही. आपलं ग्राउंड मातीचं, त्यात खडी, म्हणून कोपरापर्यंतच्या स्लीव्ह्ज पण ठेव, एकदा हात खरचटला की पुढच्या बॉलला तू नकळत हात आखडता घेतेस आणि लिबेरोनं हात आखडला की सगळी टीम अडकते. जखम झाली तर आधी स्वच्छ पाण्यानं माती पूर्ण काढायची, मग औषध, मग पट्टी. त्यासाठी एक डबी कर, जुना जेवणाचा छोटा डबा पण चालेल, त्यात कापूस, अँटिसेप्टिक, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, बोटाला बांधायची टेप आणि छोटी कात्री. ही डबी बाजूच्या कप्प्यात, कायम तिथंच.

घोट्याचं वेगळं सांगते कारण व्हॉलीबॉलमध्ये सगळ्यात जास्त मुरगळतो तो घोटाच, नेटजवळ दुसऱ्याच्या पायावर पाय पडला की संपलं. तू नेटवर उडत नसलीस तरी सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर देणारीच्या, मागे पळताना होऊ शकतं. अशा वेळी कुणीतरी येऊन पाय चोळायला लागतं, चोळू द्यायचा नाही. खाली बसायचं, पाय वर ठेवायचा, कपड्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं लावायचा, क्रेप बांधायचं. ग्राउंडवर बर्फ ठेवलेला असतोच असं नाही, पण जवळच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात नाहीतर रसवंतीवर मिळतो, म्हणून बॅगेत एक-दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या असू देत. नुसता स्प्रे मारून लगेच परत कोर्टात पळायचं हे मला अजिबात पटत नाही, दुखणं थोडा वेळ दबतं आणि पाय आणखी बिघडतो. पाय टेकवतच नसेल तर सरळ डॉक्टर.

शूजबद्दल तुझा नि माझा वाद व्हायची शक्यता आहे तरी सांगते, नवीन शूज स्पर्धेत पहिल्यांदा घालू नकोस. बाबांनी घेतलेत, छान आहेत, पण आधी पंधरा दिवस प्रॅक्टिसला वापर मग ने, नाहीतर पहिल्याच मॅचला टाचेला फोड. सामने हॉलमध्ये असतील तर नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणाऱ्या, सोलचे शूज लागतील आणि ते बाहेर घालून फिरायचे नाहीत, हॉलच्या दारात बदलायचे, बाहेर चपला. सोलला धूळ लागली की लाकडी कोर्टवर पाय सरकतो. एक जुनं फडकं ओलं करून पिशवीत ठेव, सोल पुसायला. मोजे जाड कॉटनचे, जेवढे सामने तेवढ्या जोड्या आणि एक जास्तीची. लेसची एक जादा जोडी पण.

पॅड्स ठेवायचेच, तारीख जवळ असो नसो. प्रवास, जागरण, टेन्शन यानं तारीख मागेपुढे होते आणि ग्राउंडवरचं बाथरूम कसं असेल ते तिथं गेल्यावरच कळतं. गडद रंगाची एक शॉर्ट्स, दोन जास्तीच्या निकर, कागदी पिशव्या, साबणाचा छोटा तुकडा. टीममधल्या दुसऱ्या कुणाला लागलं तर मागायला लाजणार नाही असं वातावरण तूच कर, तू सिनियर आहेस आता. आणि पोटात दुखत असेल तर सरांना किंवा मॅडमना सांग, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

केस घट्ट वेणी, रबरबँड चार-पाच, धातूची क्लिप नको. कानातले, बांगड्या, अंगठी घरी. हातातला गंडा आजीनं बांधलेला असेल तर तिला विचारून काढ, ती समजून घेईल. नखं आदल्या रात्री काप.

कागदपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आधार, जन्मतारखेचा दाखला, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं ओळखपत्र, दोन-चार पासपोर्ट फोटो. वयोगटाची तपासणी होते, १४, १७, १९ वर्षांखालचे गट वेगवेगळे असतात आणि एका कागदासाठी पूर्ण तयारीची मुलगी बाहेर बसलेली बघवत नाही. सगळ्याच्या झेरॉक्स काढ आणि फोटो मोबाईलमध्ये पण. फोल्डर तुझ्याजवळच्या बॅगेत, एसटीच्या डिकीत टाकायच्या बॅगेत नाही. स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं की ते पण याच फोल्डरमध्ये, दहावीला सवलतीच्या गुणांसाठी लागतं.

खाण्याचं सोपं ठेव. सामने वेळेवर सुरू होतीलच असं नाही, सकाळी नऊचा सामना दुपारी पण होतो, म्हणून थोडंथोडं खाता येईल असं ने. केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, पोळीचा रोल. दोन सामन्यांच्या मध्ये ग्राउंडबाहेरचा वडापाव नको, आवडतो माहितेय मला, संध्याकाळी सगळं संपल्यावर खा. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीवर नाव. ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवायचं, कमी पाण्यात घट्ट करून प्यायचं नाही. बाटल्या बाहेरच्या कप्प्यात उभ्या, जर्सीपासून लांब.

भरायचा क्रम उलटा धर. शेवटी लागणारं तळाशी, म्हणजे घरी परतायचे कपडे आणि टॉवेल, त्यावर मोजे नि दुसरी जर्सी, शूज वेगळ्या पिशवीत एका बाजूला, नी पॅड आणि स्लीव्ह्ज वर, नॅपकिन सगळ्यात वर. हाच क्रम रोजच्या प्रॅक्टिसला पण ठेव, स्पर्धेपुरता वेगळा काही करू नकोस, तरच तो हातात बसेल. जॅकेट विसरू नकोस, लिबेरो सारखी आतबाहेर करते आणि घामाच्या अंगानं बेंचवर बसलं की स्नायू आखडतात.

परत मुक्कामी आलीस की दमलेली असशील, तरी बॅग त्याच रात्री रिकामी कर. ओले नी पॅड तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी वास येतो आणि कातडीला खाज सुटते. धुता आले तर धू, नाहीतर उलटे करून पंख्याखाली टांग. शूज भिजले तर आतली सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंब, सकाळपर्यंत बरेच कोरडे होतात, म्हणून तळाशी दोन वर्तमानपत्रं पण ठेव.

शनिवारी प्रॅक्टिसला येतेस तेव्हा बॅग भरूनच आण, आपण एकदा ग्राउंडवर उघडून बघू. तुझ्या डाव्या नी पॅडचं इलॅस्टिक सैल झालंय असं मला मागच्या वेळी वाटलं, तसं असेल तर निघायच्या आधी नवीन जोडी घेऊ आणि ती तू आठवडाभर वापरशील.

तुझी ताई