गोव्याला येताना मलेरियाच्या गोळ्या सोबत ठेवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात आठ दिवस कळंगुटला येताय, मित्र म्हणतो क्लोरोक्विन बॅगेत असू दे, ताप आला की दोन घे. घ्याव्यात का?

नका घेऊ. म्हापशात माझं औषधांचं दुकान आहे, हे 'दोन गोळ्या'वाले दर हंगामात भेटतात. मागे पुण्याचा एक मुलगा आला होता. शॅकवर कुणीतरी दिलेल्या दोन गोळ्या घेतल्या, ताप उतरला, पठ्ठ्या समुद्रात डुंबून आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी, दातावर दात. रक्त तपासलं तर पहिल्या स्लाइडवर काहीच नाही! अर्धवट औषधाने जंतू इतके कमी होतात की सापडत नाहीत, पण संपत नाहीत. दुसऱ्या स्लाइडवर व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाच्या जंतूची एक जात, निघाला.

व्हायवॅक्सला क्लोरोक्विन तीन दिवस, वजनाच्या हिशोबाने, आणि प्रायमाक्विन 14 दिवस. ताप आधीच गेलेला असतो, त्यामुळे हे 14 दिवस पुरे करणारा विरळाच. मग यकृतात दडलेला जंतू काही महिन्यांनी डोकं वर काढतो. प्रायमाक्विनही मनाने घ्यायचं औषध नव्हे. जी6पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाच्या जंतूची जास्त घातक जात, असेल तर क्लोरोक्विनचा भरवसाच नाही. आपल्याकडे 1973 साली आसामात ते निकामी ठरल्याचं पहिल्यांदा दिसलं. आता आर्टेसुनेटला जोडीदार औषध देऊनच उपचार करतात. कमी डोसात लेचेपेचे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि तुम्हाला चावलेला डास तेच पुढच्याला देतो. इथला स्टीफेन्सी डास गच्चीवरच्या टाकीत नाहीतर बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो, म्हणजे पुढचा बहुतेक शेजारच्या साइटवरचा मजूर.

आफ्रिकेच्या फेरीवर निघालेले बोटीवरचे लोक मलेरिया होऊच नये म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डॉक्सिसायक्लिन नेतात, ते वेगळं. तेही परतल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं आणि तिथेच बहुतेकांचा आळस आडवा येतो.

तुम्ही डास पळवायचं मलम आणा. ताप आलाच तर सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासा. डेंग्यूही असू शकतो, म्हणून तोवर पॅरासिटामॉलच, ब्रुफेन नको. आणि घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी थंडीताप आला, तरी डॉक्टरांना गोव्याला जाऊन आल्याचं सांगा.